लॅपटॉप तापतो, फॅन मात्र ढिम्म: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. लॅपटॉप तापतो, खाली हात लावून बघवत नाही, मध्येच स्लो होतो नाहीतर सरळ बंद पडतो, आणि फॅन काही वाढायचं नाव घेत नाही. उत्तरं वाचायच्या आधी सगळ्यांनी एक करा. तापमान आणि फॅनचा आरपीएम (मिनिटाला किती फेऱ्या) हे दोन आकडे एकाच वेळी स्क्रीनवर ठेवा, मग तुमचं नेहमीचं जड काम चालू करा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात 'सेन्सर्स ओन्ली' निवडलं की दोन्ही दिसतं (टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं पण सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं नाही), लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाकून 'सेन्सर्स' कमांड द्यायची. तापमान जास्त आणि आरपीएम कमी असेल तर फॅनला हुकूम देणारं काहीतरी गंडलंय किंवा फॅनच गेलाय. तापमान जास्त आणि आरपीएमही जास्त असेल तर फॅन आपलं काम करतोय, उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाहीये किंवा हवा बाहेर पडत नाहीये. दोन्हीचे इलाज पूर्ण वेगळे आहेत आणि लोक नेमका उलटा इलाज करतात, फॅन चांगला असताना फॅन बदलतात आणि सेटिंग चुकलेलं असताना पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे जावी म्हणून त्याच्यावर लावतात ती) बदलत बसतात, पैसे जातात आणि लॅपटॉप तापायचा तो तापतोच.

प्रश्न: ताई, माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे. एक्सेलच्या मोठ्या फाईली चालवल्या की सीपीयू ९७-९८ अंशांवर जातो पण फॅन २३०० आरपीएमवरच अडकून राहतो. रिस्टार्ट केला की त्याच कामाला फॅन ४५०० वर जातो आणि तापमान ८० च्या आत येतं. मग झाकण लावून परत उघडलं की पुन्हा तेच. सर्व्हिसवाले म्हणतात मदरबोर्ड बदलावा लागेल, बदलू का?

उत्तर: अजिबात घाई करू नका. तुम्ही आकडे इतके नीट लिहिलेत की अर्धं निदान तिथेच झालं. रिस्टार्टनंतर फॅन ४५०० वर जातो म्हणजे मोटर, बेअरिंग, वायर सगळं शाबूत आहे. त्याच कामाला तापमान ८० च्या आत येतं म्हणजे पेस्ट आणि जाळ्याही ठीक आहेत. उरतं काय, तर फॅनला कधी किती फिरायचं ते सांगणारी यंत्रणा, आणि तीही फक्त झोपेतून, म्हणजे झाकण लावल्यावरच्या स्लीपमधून उठल्यावर चुकतेय.

ही यंत्रणा कशी चालते ते जरा सविस्तर सांगते कारण खालच्या काही प्रश्नांची मुळंही इथेच आहेत. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर म्हणून एक छोटी वेगळी चिप असते, तिला सगळे ईसी म्हणतात. कीबोर्ड, पॉवर बटण, चार्जिंग आणि फॅन हे सगळं तिच्याकडे असतं आणि विंडोज हँग झालं तरी ती चालू राहते. तिच्या आत एक तक्ता भरलेला असतो, इतक्या अंशांना इतका स्पीड. ती प्रोसेसरचं तापमान वाचते, तक्त्यात बघते आणि फॅनला पल्स पाठवते. फॅनला चार वायरी असतील तर एक ग्राउंड, एक पॉवर, एकीवरून स्पीडचा हुकूम जातो (सेकंदाला साधारण २५ हजार पल्स, म्हणजे कानाला ऐकू येत नाही इतक्या वर), आणि चौथ्या वायरवरून फॅन परत सांगतो की मी किती फिरतोय, एका फेरीला सहसा दोन पल्स. स्क्रीनवर दिसणारा आरपीएम या चौथ्या वायरवरून येतो. तीन वायरींचा फॅन असेल तर हुकमाची वेगळी वायर नसते, व्होल्टेज कमीजास्त करून स्पीड बदलतात.

झोपेतून उठताना ईसी, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) आणि विंडोज या तिघांना एकमेकांची स्थिती परत जुळवून घ्यावी लागते. बायोसमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये बग असेल तर ईसीला जुनंच तापमान दिसत राहतं किंवा ती शांत मोडच्या तक्त्यावर अडकून राहते, आणि खरा प्रोसेसर ९८ वर असताना फॅन निवांत २३०० वर. तुमची लक्षणं बरोबर याच्यासारखी आहेत.

आता करायचं काय. आधी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठला मोड चालू आहे ते बघा, सायलेंट, क्वाएट असं काही असेल तर बॅलन्स्डवर आणा. नंतर पूर्ण शटडाऊन करून चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, याने ईसी बऱ्याच मॉडेलमध्ये रिसेट होते (कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करा). मग बायोस अपडेट, कंपनीच्याच साइटवरून आणि चार्जर लावूनच, आणि सोबतच्या माहितीत 'फॅन' किंवा 'थर्मल' असा उल्लेख आहे का तो जरूर वाचा कारण असले बग बायोस अपडेटमध्येच सुटतात. त्याच पानावर चिपसेट आणि पॉवर मॅनेजमेंटचे ड्रायव्हर असतात, तेही टाका. तोवर झाकण लावल्यावर स्लीपच्या ऐवजी हायबरनेट ठेवा, त्यात मशिन खरंखुरं बंद होतं आणि उठताना हार्डवेअर नव्याने सुरू होतं, विंडोज मात्र डिस्कवरून होतं तिथूनच उचललं जातं.

एक गोष्ट इथे फसवते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन हे पूर्ण शटडाऊन नसतंच, विंडोजचा गाभा डिस्कवर सेव्ह करून ठेवलेला असतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रिस्टार्टमध्ये तसं होत नाही. म्हणून लोक म्हणतात 'रोज बंद करतो तरी त्रास जात नाही' आणि रिस्टार्टने मात्र जातो.

एवढं करूनही फॅन अडकलाच तर कंपनीची बिल्ट-इन टेस्ट चालवा, डेलमध्ये चालू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स, एचपीमध्ये एफ२. हे विंडोजच्या बाहेर चालतं. तिथे फॅन वर जात असेल तर मदरबोर्डचं नाव काढणाऱ्याला हा निकाल दाखवा आणि विचारा की मग बोर्डात नेमकं काय गेलंय.

प्रश्न: माझं उलटं आहे. फॅन कायम फुल स्पीडला, विमान उडतंय असा आवाज, आणि तरी ९५ अंश. दोनदा ब्लोअर मारून झाला, बाहेरून जाळी स्वच्छ दिसते.

उत्तर: बाहेरून स्वच्छ दिसते यातच सगळी गंमत आहे. लॅपटॉपचा फॅन हवा खालून ओढतो आणि बाजूने तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमधून बाहेर फेकतो, त्यांना फिन्स म्हणतात, आणि धूळ साचते ती फिन्सच्या आतल्या बाजूला, फॅन आणि फिन्सच्या मधल्या फटीत. बाहेरून टॉर्च मारून बघितलं तर फिन्स चकचकीत दिसतात. मागचं कव्हर काढून फॅनचं वरचं झाकण उचललं की मग दिसतं, करड्या रंगाचा, कापडासारखा घट्ट झालेला धुळीचा थर, चिमट्याने एका टोकाला धरून ओढला तर अख्खी पट्टी एकसंध निघते, फिन्सच्या रांगेएवढी लांब. त्यात केस, कपड्यांचे धागे सगळं विणलेलं असतं. बाहेरून ब्लोअर मारला की तो थर थोडा मागे सरकतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि फॅन परत त्याला ओढून फिन्सवर चिकटवतो. म्हणून तुमचे दोन्ही प्रयत्न वाया गेले.

उघडण्याआधी एक टेस्ट करा. फुल स्पीडला असताना हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरा. जोरात फडफडली आणि हवा गरम लागली तर वाट मोकळी आहे. आवाज प्रचंड आणि पट्टी जेमतेम हलते, हवा कोमट, तर वाट बंद आहे. आणि पट्टी छान फडफडते पण हवा थंडच लागते आणि प्रोसेसर मात्र ९५ वर, तर उष्णता फिन्सपर्यंत येतच नाहीये, पेस्ट सुकलीय किंवा हीटपाईप गेलीय. हीटपाईप म्हणजे आतून पोकळ तांब्याची नळी, तिच्यात सहसा थोडं पाणी असतं, गरम टोकाला त्याची वाफ होते आणि थंड टोकाला परत पाणी. नळी चिरली किंवा वाकली की हा फेरा थांबतो, नुसतं तांबं उरतं आणि ते पुरत नाही.

साफ करताना बॅटरीचा कनेक्टर आधी काढा, आणि ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. मोकळा फॅन हवेने प्रचंड वेगात फिरतो, बेअरिंग खराब होतं, आणि जोडलेला असेल तर मोटर उलटी वीज तयार करून बोर्डात पाठवू शकते. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डाला लावू नका, स्टॅटिक वीज तयार होते.

प्रश्न: बॅगेत ठेवलेला लॅपटॉप बाहेर काढला तर चटका बसला आणि फॅन जोरात चालू होता. झाकण तर लावलेलं होतं.

उत्तर: नव्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोप काढून मॉडर्न स्टँडबाय आणलंय, त्यात मशिन फोनसारखं अर्धवट जागं असतं, अपडेट उतरवतं, मेल आणतं. बॅगेत हवा नाही, म्हणून फॅन तीच गरम हवा फिरवत राहतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काय व्हावं ते हायबरनेट करा, प्रवासाला निघताना तर नक्कीच. हे मनावर घ्या, सतत अशा उष्णतेत राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते आणि फुगूही शकते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा तळाचं कव्हर बसत नसेल तर लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, वापर थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या.

प्रश्न: थिंकपॅडवर लिनक्स टाकलंय. तापमान ९० च्या पुढे गेलं तरी फॅन ऑटोवर मंदच चालतो. मध्यंतरी फॅन कंट्रोलचं एक सॉफ्टवेअर टाकून काढून टाकलं होतं, त्याचा संबंध असेल का ताई?

उत्तर: असू शकतो, तिथूनच सुरुवात करा. लिनक्समध्ये फॅनसाठी हार्डवेअर मॉनिटरच्या फोल्डरमध्ये पीडब्ल्यूएम-एनेबल नावाची फाईल असते. त्यात ० असेल तर कंट्रोल नाही आणि फॅन फुल, १ म्हणजे मॅन्युअल, २ किंवा वर म्हणजे ऑटो. फॅन कंट्रोलची सॉफ्टवेअर १ करून ठेवतात आणि शेजारच्या फाईलमध्ये ० ते २५५ मधला आकडा भरतात, ते सॉफ्टवेअर अर्ध्यात मेलं तर फॅन त्या शेवटच्या आकड्यावर बसून राहतो. तुम्हाला 'ऑटो' वाटतंय पण फाईलमध्ये १ दिसतोय असं आहे का बघा, असेल तर २ करा. काढलेल्या सॉफ्टवेअरची सर्व्हिस बूट होताना अजून चालू होतेय का तेही तपासा.

थिंकपॅडला वेगळी सोयही आहे. थिंकपॅड-एसीपीआय मॉड्यूलला फॅन कंट्रोलचा पर्याय १ देऊन लोड केलं की ० ते ७ लेव्हल, ऑटो आणि डिसएंगेज्ड असे हुकूम देता येतात. डिसएंगेज्डमध्ये ईसी स्पीडवर नजर ठेवणं सोडते आणि फॅन ७ पेक्षाही वर जातो. निदानाला हे फार उपयोगी आहे, डिसएंगेज्डला फॅन झकास वर गेला आणि तापमान पडलं तर हार्डवेअर ठीक, दोष तक्त्याचा किंवा सॉफ्टवेअरचा. पण रोज असा चालवू नका. आणि हाताने लेव्हल ठरवणार असाल तर वॉचडॉग चालू ठेवा, तुमचा प्रोग्रॅम ठरलेल्या वेळात, जास्तीत जास्त १२० सेकंदांत, परत बोलला नाही तर तो फॅन ऑटोवर टाकतो. लेव्हल ० करून विसरून गेल्यावर हाच वाचवतो.

प्रश्न: पेस्ट बदलून आणली आणि आधीपेक्षा जास्त तापायला लागला. कुठलंही अ‍ॅप उघडलं की ४५ वरून ९५ आणि बंद केलं की लगेच ५०.

उत्तर: असा उड्या मारणारा आकडा म्हणजे हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) प्रोसेसरवर सपाट टेकलेला नाही. चारही स्क्रू त्यांच्यावर लिहिलेल्या नंबरच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळायचे असतात, एकच कोपरा आधी पूर्ण आवळला की दुसरा कोपरा उचलला जातो. दुसरी शक्यता थर्मल पॅडची, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्ट्यांची. ग्राफिक्स मेमरी आणि पॉवरच्या भागांवर पॅड असतात, जुन्या जागी जास्त जाड पॅड बसवला तर हीटसिंक वरच राहतो, त्याच्या नि प्रोसेसरच्या मध्ये फट राहते आणि मग कितीही भारी पेस्ट लावा. परत त्यांच्याकडेच न्या, उघडायला लावा आणि पेस्टचा ठसा स्वतः बघा. चिपवर ठसा सगळीकडे सारखा पातळ हवा, एका कडेला घट्ट गोळा दिसला तर चूक समोरच आहे. आणि हो, फॅनचा कनेक्टर अर्धवट बसलाय का तेही बघा, तो इतका बारीक असतो की तिरका बसला तरी बसल्यासारखा दिसतो, मग फॅन फिरतो पण आरपीएम ० दाखवतो किंवा एकाच स्पीडवर राहतो. बऱ्याच मशिनवर चालू करताना फॅन एररचा मेसेज येतो तो यानेही येऊ शकतो.

प्रश्न: फोटो एडिटिंगला ९५ अंश दिसलं की मी घाबरून बंद करते. प्रोसेसर जळेल का? आणि फॅन पाच-सात सेकंद उशिरा का वाढतो?

उत्तर: जळणार नाही. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५, आणि तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्याच्याही वर गेलं तर मशिन धाडकन बंद होतं, तो बचावच आहे. मिनिटभर ९५ दिसलं तर काळजी नको, तासन् तास तिथेच राहत असेल आणि काम रेंगाळत असेल तर वरचं सगळं तपासा.

उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. १५ वॅटचा म्हणून विकलेला प्रोसेसर सुरुवातीला थोडा वेळ ४० वॅटच्या वरही खेचतो, इंटेलच्या बऱ्याच मशिनवर हा काळ २८ सेकंदांचा असतो, म्हणून अ‍ॅप उघडताना तापमान एका सेकंदात वर उडी मारतं. प्रत्येक उडीला फॅन धावला असता तर दिवसभर घुंग-घुंग चाललं असतं. म्हणून ईसी थोडा वेळ थांबते, आणि वाढवायचं तापमान वेगळं नि कमी करायचं त्याहून खालचं ठेवते. शिवाय फॅनचा स्पीड दुप्पट करायचा तर त्याला आठपट पॉवर लागते आणि आवाजही खूप वाढतो, कंपन्या फॅनला हात आखडून का ठेवतात ते यावरून कळेल. उशीर पंधरावीस सेकंद चालेल, पण पाच मिनिटं ९५ वर राहून फॅन जागचा हलला नाही तर तो दोष धरा.

प्रश्न: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की लॅपटॉप थंड होतो म्हणतात, खरं आहे का?

उत्तर: खरं आहे, बहुतेक मशिनवर त्याने टर्बो (प्रोसेसरचा नेहमीपेक्षा वरचा स्पीड) बंद होतो म्हणून १०-२० अंश सहज पडतात. ब्राउझिंग आणि टायपिंगला फरक कळणार नाही, व्हिडिओ एक्स्पोर्टला बराच कळेल. दुरुस्ती होईपर्यंतचा उपाय म्हणून उत्तम. पण फॅन बिघडलेला असताना हेच कायमचं करून ठेवलंत तर बिघाड झाकला जातो, तेवढं करू नका.

प्रश्न: माझ्या मॅकबुक एअरचा फॅन कधीच ऐकू येत नाही, बिघडलाय का? एम१ आहे.

उत्तर: त्यात फॅनच नाही. २०२० च्या एम१ एअरपासून अ‍ॅपलने एअरमधून फॅन काढून टाकला, उष्णता बॉडीतून जाते आणि फार तापलं की प्रोसेसर स्पीड उतरवतो. गादीवर, उशीवर ठेवून जड काम करू नका, बाकी चिंता नाही.

प्रश्न: फॅन खरखर करतो, हलवला की थांबतो आणि आता कधीकधी सुरूच होत नाही. तेलाचा थेंब टाकला तर?

उत्तर: बेअरिंग संपलंय. तेलाने आठवडाभर चालेल, मग तेलावर धूळ बसून अजून घट्ट होईल आणि फॅन नेमका जड कामाच्या मध्ये थांबेल. अख्खा फॅन बदला. मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका, फॅनच्या पाठीवरचा पार्ट नंबर, व्होल्टेज (बहुतेक लॅपटॉप फॅन ५ व्होल्टचे असतात, काही १२ चे) आणि वायरींची संख्या हे तिन्ही जुळवा. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या मशिनचे फॅन वेगळे असतात, आणि दोन फॅन असतील तर डावा-उजवाही वेगळा. नवा बसवल्यावर सुरुवातीलाच ती दहा मिनिटांची टेस्ट करा आणि आकडे लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत तापायला लागला तर तुलना करायला ते हाताशी असतील.